शैलाच्या टेबलाची उंची

शैलाच्या नवऱ्याचा, अजितरावांचा फोन आला तेव्हा मी मान वाकडी करून एका लग्नपत्रिकेतली मामांची नावं ओळीत बसवत होते. "शैला गेली," एवढंच ते म्हणाले. सकाळी चहा टाकायला उठली, ओट्याजवळच पडली, दवाखान्यात नेईपर्यंत... मी "येते" म्हणाले आणि फोन ठेवला. अशा वेळी माणसाला चेहरा आठवावा, हसणं आठवावं, शेवटची भेट आठवावी. मला आठवली ती तिची खुर्ची. आता त्या खुर्चीवर कोण बसणार, हा विचार रडू येण्याच्या आधी आला. शैलावर लिहिणार म्हटल्यावर ओळखीच्यांनी मला बजावलं, चांगलं लिही हं. चांगलंच लिहिणार आहे. पण मला तिचा हेवा वाटायचा, अजूनही वाटतो, आणि तो बाजूला काढून ठेवला तर माझ्याकडे तिच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं उरत नाही.

लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात आम्ही दोघी शेजारी शेजारी बसायचो. काम डीटीपीचं, म्हणजे आलेला मजकूर टाइप करायचा आणि पानं लावायची. पत्रिका, स्मरणिका, प्रबंध, मठाची पंचांगं, जे येईल ते. शैला शिरोळकडची, ऊसवाल्या जैन घरातली. बुटकी, गोल चेहऱ्याची, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या मशीनवाल्यालाही तिचं प्रत्येक वाक्य ऐकू यायचं. तिथल्या खुर्च्या म्हणजे शिक्षाच होती. शैलाचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत, मग ती कागदाचा रीम ओढून त्यावर पाय ठेवायची आणि मालकांनी डोळे वटारले की तितक्याच शांतपणे काढून घ्यायची. कामात मी तिच्यापेक्षा वरचढ होते. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही, ती स्वतःच सांगायची. "हात वंदीचा, तोंड माझं," असं ती माझ्याकडे बोट दाखवून आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायची. माझा हात न बघता चालायचा. तिची पानं सैल असायची, वेलांट्या सुटायच्या, मीच त्या गुपचूप लावून द्यायचे. तेव्हा मला तिचा हेवा वाटायचं काही कारणच नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये छापखाना बंद पडला तो पडलाच. मालकांनी जाताना आमची मशीनं आम्हालाच दिली आणि आम्ही दोघी घरून काम करू लागलो. मी कळंब्याला, ती राजारामपुरीत. माझा कॉम्प्युटर आधी जेवणाच्या टेबलावर मांडला, तिथून तो ताटांबरोबर रोज दोनदा हलू लागला. मग शिलाई मशीनवर, मग खिडकीच्या कट्ट्यावर. मी कमरेवर हात ठेवून उठायचे आणि कमरेवर हात ठेवून बसायचे. अशात शैलाचा फोन आला, ये म्हणाली, माझं बस्तान बघून जा.

बस्तान म्हणजे काय असतं ते त्या दिवशी कळलं. मागची छोटी खोली तिला मोकळी करून दिली होती. टेबल होतं तिच्या सासऱ्यांचं, जुनं सागवानी, शिरोळच्या मळ्यातल्या घरातलं. पुरात ते कितीतरी दिवस पाण्यात उभं राहिलं होतं आणि चारही पाय खालून भुसभुशीत झाले होते. अजितरावांनी कुजलेला भाग करवतीनं कापून काढला. त्यामुळे टेबल चांगलं चार बोटं ठेंगणं झालं, आणि शैला त्यासमोर बसली तर तिची कोपरं अगदी सरळ, खांदे खाली, पाय जमिनीवर सपाट. मॉनिटर लग्नातल्या पाटावर चढवलेला, म्हणजे मान खाली घालायला नको. खिडकी डाव्या हाताला, उजेड मॉनिटरवर नाही, कागदावर. मूळ मजकुराचे कागद पोथी ठेवायच्या लाकडी स्टँडवर तिरके उभे. वायरी परकराच्या नाडीनं एकत्र बांधून टेबलाच्या मागच्या पायाला गुंडाळलेल्या. आणि की-बोर्डच्या पुढे मनगटं टेकायला एक लांबट उशी, तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली देतात तशी, मोहरी भरलेली. ती तिच्या सासूबाईंनी, घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात, हातानं शिवून दिली होती. मी त्या उशीवर मनगट ठेवून बघितलं. मोहरी हलकेच सरकली आणि हाताला हवा तसा आकार झाला. माझ्या पोटात दुखू लागलं ते तिथून.

खुर्चीची गोष्ट तर तिनं मला इतक्यांदा सांगितली की मी तिथं हजर होते असंच आता वाटतं. अजितराव साखर कारखान्यात नोकरीला, बोलायला कमी. त्यांनी सुट्टी काढली आणि तिला शाहूपुरीतल्या एका दुकानात नेलं. ती एकेका खुर्चीवर बसायची, अजितराव समोर स्टुलावर बसून बघायचे. पाठ टेकते का, मांडीखाली टोचतं का, दांडा ओढल्यावर कितपत खाली येते. सकाळपासून जेवणवेळेपर्यंत हेच. शेवटी दुकानदार म्हणाला, "पावणं, खुर्ची घ्यायला आलाय का बसायला?" त्यावर अजितराव म्हणाले, "बसायलाच. ती बसल्याबिगार कळणार कसं?" हा किस्सा सांगताना शैला हसायची आणि मीही हसायचे. पण एक नवरा आपल्या बायकोची पाठ कुठं टेकते हे अर्धा दिवस स्टुलावर बसून बघतो, हे ऐकून मला आतून हसू येत नव्हतं. आमचे हे उद्यमनगरात फौंड्रीत आहेत. माणूस चांगला. मी पाठ दुखते म्हटल्यावर त्यांनी त्याच संध्याकाळी प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि वर बाम आणला.

मला तिचं सगळं हवं होतं. हे मी इतकं सरळ सांगते, कारण त्यानंतर मी जे केलं ते डीटीपीवालीच करू जाणे. आम्हा लोकांना एक सवय असते. कुणाचं पान आवडलं की समास मोजायचा, अक्षराचा आकार मोजायचा, ओळींमधलं अंतर मोजायचं आणि तंतोतंत उतरवायचं. पुढच्या वेळी मी पर्समध्ये टेप घेऊन गेले. शैला चहा करायला आत गेली आणि मी तिचं टेबल मोजलं. उंची, लांबी, पाट, खुर्चीपासून मॉनिटरचं अंतर, सगळं. अव्वा दारातून बघत होत्या. टेपचं दुसरं टोक खाली पडत होतं ते धरायला त्या आत आल्या. मग मी सुताराकडून नव्या प्लायवूडचं टेबल करून घेतलं. एका सुताचाही फरक नाही. मोहरीची उशीसुद्धा शिवली.

आणि माझी पाठ आधीपेक्षा जास्त दुखायला लागली. मी शैलापेक्षा वीतभर उंच. तिच्या टेबलाखाली माझे गुडघे मावेनात, मला पुढे वाकून टाइप करावं लागे. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण ज्या उंचीवर ती इतकी सुखात बसते, त्याच उंचीवर मला का जमू नये, असा एक हट्ट मनात बसला होता. शैला नवं टेबल बघायला आली. आली तशी खुर्चीत बसली. हात उशीवर ठेवले, दोन ओळी टाइप केल्या, पाय सपाट टेकवून बघितले. माझ्या घरात, माझ्या टेबलासमोर ती इतकी नेमकी बसली होती की मला बघवेना.

"वंदे," ती म्हणाली, आणि एरवी कधीही खाली न येणारा तिचा आवाज खाली आला होता. "हे तर माझं टेबल केलंस की गं. तुझं कुठाय?"

मी काहीतरी उडवाउडवी केली. दोनच दिवसांत ती टेबलाच्या पायांखाली घालायला लाकडाचे चार ठोकळे घेऊन आली, अजितरावांकडून कापून घेतलेले, टेबल माझ्या मापाला येईल असे. मी ते घेतले नाहीत. नको म्हटलं, सवय होईल म्हटलं. तिच्या घरातून माझ्या घरात आणखी एक गोष्ट यावी आणि तीही तिच्याच नवऱ्यानं केलेली, हे मला सोसणार नव्हतं. ती ठोकळे पिशवीत घालून परत घेऊन गेली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

टेबलापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती, ती मोजून आणता येत नव्हती. ती कामाला बसली की त्या घरात कुणी तिला हाक मारत नसे. अव्वा भाजी निवडायच्या, दार उघडायच्या, कुरिअर घ्यायच्या, आणि चहाचा कप टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात आवाज न करता ठेवून जायच्या. माझ्या टेबलावर दुपारपर्यंत वाळलेले कपडे येऊन पडत. कुणी मुद्दाम करत नसे. सपाट जागा दिसली की आमच्या घरात त्यावर कपडे ठेवतात. मी ढीग बाजूला सारून की-बोर्डपुरती जागा करायचे. परिणाम असा की शैलाचं काम सैल असूनही वेळेत जायचं आणि माझं चोख काम उशिरा. गिऱ्हाइकं तिच्याकडे वळली. तीच मग त्यातली काही माझ्याकडे पाठवायची, "हात वंदीचा" असं सांगून. मी ती घ्यायचे आणि आतल्या आत जळायचे. माझ्यातलं काहीतरी तिला हवंसं वाटावं, एखादी साडी, एखादी भाजी, माझा तो हात तरी... मी पुष्कळ वाट बघितली. ती माझं मनापासून कौतुक करायची आणि पुन्हा आपल्या खुर्चीत मागे टेकून बसायची. पोट भरलेल्या माणसाला दुसऱ्याचं ताट सुंदरच दिसतं.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी अजितरावांचा फोन आला. एका शाळेची स्मरणिका शैलाच्या मशीनवर अर्धवट राहिली होती, ती मी पुरी करून द्यावी असं त्यांचं म्हणणं होतं. मी निघाले तेव्हा मनात काय होतं ते लिहून टाकते. मला वाटत होतं, ते म्हणतील, वहिनी, टेबल तुम्हीच न्या. खुर्ची न्या. कुठं ठेवायचं तेही मी रस्त्यात ठरवून टाकलं होतं.

खोली तशीच होती. स्टँडवर स्मरणिकेचे कागद, मुख्याध्यापकांचं मनोगत अर्ध्यावर. अव्वा खाटेवर बसल्या होत्या. मी खुर्चीत बसले, गुडघे टेबलाला थडकले. सीटखाली हात घालून दांडा चाचपला, खुर्ची थोडी खाली घ्यावी म्हणून. अव्वा उठल्या आणि त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तेवढं हलवू नगंस, बाई. तिच्या मापाची हाय. अजित रोज पुसतोय, पन दांड्याला हात लावत न्हाय. एकदा हलली की परत तेवढ्यावर कुणाला आणता येणार हाय?"

मी हात काढून घेतला. सगळी दुपार तशीच, गुडघे आखडून, शैलाच्या उंचीवर बसून ती स्मरणिका लावली. तिच्या सुटलेल्या वेलांट्या लावल्या. मध्ये केव्हातरी उजव्या कोपऱ्यात चहा आला, आवाज न करता. तो कप बघून मला रडू फुटलं, आणि ते सगळंच्या सगळं शैलासाठी होतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. संध्याकाळी अजितराव आले. काम झालं का विचारलं, आभार मानले. मग दारात उभं राहूनच म्हणाले, टेबल-खुर्ची इथंच ठेवायची ठरवलीय वहिनी, बरेच जण मागाय लागलेत, पण अव्वा दुपारी तिथंच बसतात. मी म्हटलं, बरोबर आहे. त्या वेळी मला जे वाटलं त्याला दुसरा शब्द नाही. मला तिच्या मरणाचाही हेवा वाटला.

घरी आले तर माझ्या टेबलावर कपड्यांचा ढीग होता. हे शेजारी बसून केळी खात होते. मी पर्ससुद्धा खाली न ठेवता विचारलं, "उद्या मी गेले, तर या टेबलाचं काय कराल?"

त्यांनी केळ्याचं साल बाजूला ठेवलं. टेबलाकडे नीट बघितलं, मग माझ्याकडे. मला टेबलाची काळजी लागली आहे असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"वाया न्हाय जायचं," ते म्हणाले. "कपडे ठेवायला लागतंयच की."

धीर द्यायलाच म्हणाले होते, मला कळत होतं. मी ढीग उचलून त्यांच्या पलंगावर नेऊन टाकला. पण राग मला त्यांचा आलाच नाही. राग आला तो शैलाचा. असं काही तिला आयुष्यात कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं.