रांगोळीवरचा पंखा
रांगोळी प्रदर्शनात पंखा चुकून लागला, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. खरे तर तो मी मुद्दाम लावला होता. पंचवीसएक वर्षांपूर्वीच्या दिवाळीत, फुलपाड्यातील शाळेच्या सभागृहात, बंद खिडक्यांआडच्या उकाड्यात, एका चित्रकार बाईंनी आमच्या पुढाऱ्यांची रांगोळी रेखाटली होती: कोरड्या हंड्यांच्या रांगेसमोर ते एकटेच विहिरीला नळी लावून पाणी पीत होते. पुढारी संध्याकाळी येणार होते, म्हणून संयोजक या नात्याने मी ती पुसायला सांगितली. "मी नाही पुसणार, भाऊ," बाई शांतपणे म्हणाल्या. त्या जेवायला गेल्या आणि मी बटण दाबले, चेहरा उडाला. परतल्यावर त्या खाली बसल्या आणि चिमटीचिमटीने तोच चेहरा पुन्हा उमटवू लागल्या. बघे श्वास रोखून उभे राहिले. दुसरा डोळा पूर्ण झाला, तेवढ्यात पुढारी आले आणि घाम टिपत म्हणाले, "अरे, पंखा तरी लावा!" मागून बघ्यांमधली एक बाई ओरडली, "नको साहेब, उडून जाल!" आणि सारे सभागृह एका आवाजात गरजले, "पंखा नको!" पुढारी आपल्याच चेहऱ्यासमोर घामाघूम उभे राहिले. तो आवाज आठवला की आजही अंगावर काटा येतो. यंदाच्या प्रदर्शनात रांगोळीच्या रंगांचा तोच कोरडा वास आला, तेव्हा आता वृद्ध झालेल्या बाईंपुढे हात जोडून मी म्हणालो, "बाई, पंखा मी लावला होता. मला क्षमा करा."