वायसरकाकांचा फुगलेला फोन

वायसरकाकांना गल्लीतली पोरंसोरं वायसरकाका म्हणत आणि त्यांची सख्खी मेहुणी वायसरभावजी म्हणे. त्याला कारणही तसंच होतं. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी ते मोरीत शिरत, नळ पिळून बघत, कान लावत आणि निदान सांगत, "वायसर गेलाय. गळायची वाट बघू नका, आजच बदला." एकदा आजारी मित्राला भेटायला इस्पितळात गेले, तर मित्र राहिला बाजूला आणि हे बेसिनखाली आडवे. शेवटी नर्सने बाहेर काढलं.

गच्चीवरच्या टाक्या, भिंतीतले पाइप, तुंबलेली गटारं यांतच माणसाचं आयुष्य गेलं. प्लंबर म्हणून हात सोन्याचा, त्यात वाद नाही. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण काकांच्या फोनकडे बघूनच कुणीतरी केली असावी असं मला नेहमी वाटतं. फोन जुना झाला होता आणि त्याची बॅटरी तर शेवटच्या घटका मोजत होती. हे साऱ्या गल्लीला दिसत होतं. दिसत नव्हतं ते एकट्या काकांना.

दोष त्यांचा म्हणावा तर धंद्याचाही होता. टाकी धुवायची तर आधी ती पार रिकामी करावी लागते, नाहीतर तळाशी गाळ राहतो. काकांनी हाच नियम बॅटरीला लावला. रोज फोन वापरून वापरून शून्यावर आणायचा, आपोआप बंद पडू द्यायचा आणि मग रात्रभर काठोकाठ भरत ठेवायचा. "गाळ निघतो त्याने," ते म्हणत. गाळ कसला निघतोय! निघत होता तो बॅटरीचा जीव.

बॅटरी बिचारी आपल्या परीने सांगत होती. सकाळी शंभर दाखवणारा आकडा चहा संपेपर्यंत साठावर यायचा. काका म्हणाले, टाकीतला बॉल अडकला की पातळी अशीच खोटी दिसते. फोन खिशात तापायला लागला. काका म्हणाले, उन्हातल्या पाइपातून पाणी गरम येतंच की. पुढे तर चाळीस टक्के असतानाच फोन डोळे मिटायचा आणि चार्जरला लावला की पुन्हा जिवंत व्हायचा. शेवटी पाठ फुगली आणि समोरची काच एका बाजूने उचलली गेली.

"हवा धरलीय," काका म्हणाले. त्यांनी पिशवीतून पांढरी टेफ्लॉन टेप काढली आणि पाइपाच्या आट्यांवर गुंडाळतात तशी फोनभोवती गच्च गुंडाळली. फोन डोकं फुटून पट्टी बांधल्यासारखा दिसू लागला.

"अहो, नळाचा वायसर बदलता ना? तशी बॅटरी बदला," काकू म्हणाल्या.

"वायसर डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो. बॅटरी कुणी बघितलीय?"

"काच फाकलीय, त्यातून वाकून बघा की!"

काकूंची जीभ त्यांच्या कात्रीइतकीच चालायची. एका जुन्या इमारतीच्या तळघरात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. कोटाचं अस्तर बदल, पडद्यांना दुमड घाल, गणवेश सैल कर, अशी कामं. दोन विजेची मशीन, एक इस्त्री, आणि वायरींचा गुंता जमिनीवर. काका त्या वायरींवरून कुरकुरत आणि काकू फोनवरून. अशी फिट्टंफाट होऊन संसार छान चालला होता.

त्या दिवशी दुपारी काका एका दवाखान्याच्या गच्चीवर टाकी धूत होते. अर्धं अंग टाकीत, अर्धं शिडीवर. फोन वाजला. टेपच्या फटीतून आकडा दिसत होता, अडतीस. काकांनी ओल्या हाताने कानाला लावला.

"अहो, भिंतीतला पाइप फुटलाय! दुकानात पाणी भरतंय. वायरी सगळ्या खाली आहेत, मी आता..."

"थांब! पाण्यात पाय घालू नकोस, आधी..."

आधी मेन स्विच पाड, असं त्यांना म्हणायचं होतं. पण अडतीस टक्क्यांवरच फोन गार झाला. म्हणजे तसा चांगला तापलेला होता, फक्त बंद पडला.

काकांनी बटण दाबलं, फोन हलवला, मांडीवर आपटला. काळी काच काळीच राहिली. खाली धावत येऊन त्यांनी कंपाउंडरकडे फोन मागितला. त्याने लगेच दिला. काकांचं बोट आकड्यांवर गेलं आणि तिथेच थांबलं. बायकोचा नंबर त्यांना कधी पाठच नव्हता. तो त्या टेपमध्ये गुंडाळलेला होता.

मग काका पळाले. पान्हा गच्चीवर, चपला शिडीपाशी आणि काका रस्त्यावर. माणूस वयाने आणि पोटानेही पळण्यातला नव्हता. फळांच्या गाडीला कोपर लागून संत्री घरंगळली, गाडीवाला ओरडला, सायकलवाल्याने शिवी हासडली. काकांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, पाण्यात पडलेल्या त्या वायरी आणि त्यांच्याकडे निघालेले काकूंचे पाय. मी वेळेत बोललो असतो तर, मी वेळेत बोललो असतो तर, एवढंच डोक्यात चाललं होतं.

तळघराच्या पायऱ्यांपाशी पोचले तर खाली अंधार. पोटरीभर पाणी, त्यावर कुणाचा तरी कोट पालथा तरंगत होता. काका दोन पायऱ्या उतरले. त्यांनी हाक मारली. मग पुन्हा मारली.

"अहो, ती नाहीये आत," मागून चांभार म्हणाला. शेजारचं दुकान त्याचं. "मेन स्विच पाडला तिने पहिल्यांदा. मग वरचा कॉक बंद केला. माझ्यासमोरच केलं सगळं."

"मग गेली कुठे?"

"तुमच्याकडे! बोलता बोलता तुमचा आवाज तुटला, पुन्हा लावला तर फोन बंद. 'ते टाकीत पडले,' म्हणाली. मी म्हटलं कपडे तरी उचलू, तर म्हणाली मरू देत कपडे. आपला फोन टेबलावर टाकून मागच्या गल्लीने पळत सुटली."

काका पायरीवर बसले ते बसलेच. आतमध्ये लोकांचे कोट भिजत होते, पडदे भिजत होते. एखाद्या गणवेशाचा टाका उसवला तरी जिचं मन थाऱ्यावर राहत नाही, ती बाई ते सगळं तसंच टाकून गेली होती. या फोनने दोघांनाही एकमेकांच्या मनात एकाच वेळी मारून ठेवलं होतं.

बऱ्याच वेळाने काकू आल्या. केस सुटलेले, गुडघ्यापर्यंत ओल्या, गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत असलेली. काका दिसले तशा जागीच थबकल्या. मग जवळ येऊन त्यांनी काकांच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली, आणि दुसरी मारायच्या आत रडू लागल्या.

"तिथे शिडी होती, चपला होत्या आणि तुम्ही नव्हता," त्या म्हणाल्या. "मी टाकीत वाकून बघितलं. कळतंय का तुम्हाला? वाकून बघितलं मी! तो कंपाउंडर वर येऊन सांगेपर्यंत..."

पुढचं रडण्यात गेलं.  काकांनी काकूंचा हात धरला आणि धरूनच ठेवला. भर रस्त्यात असं त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

चांभाराने कपडे वर काढायला घेतले आणि ही दोघं तशीच, एक अनवाणी आणि एक ओली, कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवालीकडे गेली. तिने टेप सोडवली, काच अलगद उचलली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. आतली बॅटरी उशीसारखी टम्म फुगली होती.

"हिला दाबून बांधलं होतं? पेट घेतला असता खिशात!" तिने ती हलक्या हाताने सोडवली आणि वाळूच्या डब्यात ठेवली. "फोन चांगला आहे काका. आकडा उड्या मारायला लागला, मध्येच बंद पडायला लागला, तेव्हाच यायला हवं होतं. पाठ फुगल्यावर तर एक दिवसही थांबायचं नाही. कशाची वाट बघत होता?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्या अजून धापा टाकत होत्या.

"चुकलं," काका म्हणाले. "नवी घाल, बाई. आत्ताच घाल. आणि चालू झाला की पहिला फोन मला हिला करू दे."

"अहो, मी इथेच उभी आहे की!"

"असू दे," काका म्हणाले. "मघाचं बोलणं अर्धंच राहिलंय."