तराजूचा अर्धा पाठ

शोकसभेत सलीम सरांची स्तुती ऐकून मला इतका संताप आला, की नानाखेड्याला घरी पोहोचेपर्यंत मी रिक्षावाल्याशीही भांडून घेतलं. सरांना जाऊन महिना झाला. ज्यांनी त्यांचा वर्ग बंद केला, तेच माइकवर ‘अपूरणीय क्षति’ म्हणत गळे काढत होते... आणि त्याच रांगेत हार घेऊन मी!

आमच्या विद्यापीठाच्या शिक्षण विभागात सर मदरशांतल्या मौलवींना शिकवायचं कसं ते शिकवत. उदारीकरणाचे दिवस, जो तो कंप्यूटरच्या मागे. मीही तिथलीच प्राध्यापिका, देवास गेटवर घेतलेला गॉगल डोक्यावर चढवून स्वतःला फार मॉडर्न समजणारी बावळट. हा वर्ग ठेवायचा की नाही, यावर अहवाल द्यायला विभागप्रमुख साहेबांनी मलाच धाडलं.

सरांचा एक प्रशिक्षणार्थी, तरुण मौलवी, मुलांपुढे सराव-पाठ घेत होता. त्यानं तराजू आणला होता. बटाटे तोलून दाखवले, मापात चोरी करणं गुनाह का, असं विचारलं आणि गप्प उभा राहिला. मुलंही गप्प... मला वाटलं, विसरला बिचारा. मी उठले. मागच्या बाकावरून सर हळूच म्हणाले, “मॅडम, ज़रा रुकिए, बच्चे सोच रहे हैं.”

मला थांबवणारे हे कोण? तडक निघाले आणि लिहून टाकलं : प्रशिक्षणार्थी पाठ विसरतात, नुसती घोकंपट्टी आहे. साहेबांना तेवढंच हवं होतं. महिन्याभरात त्या खोलीत कंप्यूटर आले. सरांना वाचनालयात बसवलं, पुस्तकांवर शिक्के मारायला. एवढा मोठा शिक्षक!

ते भांडले असते तर मी सुटले असते. पण भेटले की हसून म्हणायचे, “मॅडम, आधा पाठ बाकी है आपका.” मी म्हणायची, “अहो सर, आता वर्ग आहे कुठं?” माझी जीभ झडली कशी नाही!

परवा त्यांची मुलगी पाठ-निरीक्षणाची जुनी वही घेऊन आली. “आंटी, अब्बा बोलके गए थे, आपको ही देना.” त्यात त्या दिवसाचं पान होतं. मी निघून गेल्यावरचं सरांनी बारीक अक्षरात टिपलं होतं : मिनिटभरानं मागची एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘कम तोलने वाले को लगता है, कोई देख नहीं रहा.’

खाली निरीक्षकाच्या, म्हणजे माझ्या, अभिप्रायाची जागा तेवढी कोरी.

मी चष्मा लावला आणि लिहिलं, ‘पाठ पूर्ण पाहिला नाही. प्रशिक्षणार्थी काहीही विसरला नव्हता.’ खाली सही केली. इतक्या वर्षांनीही ती तशीच ऐटदार आली, मेली.