इंजिनघरामागचा नळ

आज नातवंडांना मी शहाणपण शिकवते. तरुणपणी माझं सगळं शहाणपण टाचांच्या भेगांत अडकलेलं. विद्यापीठाच्या मेसमध्ये रोजंदारीवर भाकऱ्या भाजायचे. पहाटे डिंगोऱ्याहून चालत यायचे ती थेट इंजिनघरामागं. इंजिन आवाराला वीज द्यायचं आणि त्याचं तापलेलं पाणी मागच्या नळाला यायचं. दोन बादल्या काढून पाय शेकायचे, मग कामाला.

नव्वदचं दशक सरताना नवं इंजिन बसलं. आवाराच्या साहेबांनी आम्हां सगळ्यांना बजावलं, आता तेच पाणी पाइपांतून फिरून मेसला, वसतिगृहाला ऊब देणार आणि परत इंजिनात येणार. त्यातलं थेंबभर काढायचं नाही. मी सगळ्यांत जोरात मान डोलावली. कळलं काही नव्हतं. दोन बादल्यांनी काय समुद्र आटतोय? मागचा नळ होताच, माझं पाय शेकणं चालू राहिलं.

इंजिन रोज संध्याकाळी बंद पडू लागलं. आतलं पाणी कमी व्हायचं. परीक्षा तोंडावर, आवार अंधारात. पाइपांची जोडणी करणारा फिटर तळेघरचा. गळती शोधत त्यानं आवारभर चर खणले. तळहातांची सालटी निघाली त्याच्या. शेवटी त्यानं पोळ्याला बैल रंगवायची हिरवी पुडी त्या पाण्यात कालवली. जिथं हिरवं दिसेल तिथं गळती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बघते, तर माझे पाय घोट्यापर्यंत हिरवे. पोपटानं लाजावं असे.

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. राखेनं घासले, दगडानं घासले. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर माझ्या रोजावर. साडी खाली ओढली आणि मुकाट भाकऱ्या थापत राहिले.

दुपारी साहेबांनी फिटरला सांगितलं, जोडणी कच्ची आहे, संध्याकाळी निघायचं. तो माझ्याकडं पाणी प्यायला आला.

"आक्का, घरी काय सांगू? गळती घावलीच न्हाई."

मी साडी वर केली. त्यानं तांब्या खाली ठेवला.

"चार दिस खणतोय मी, आक्का."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मीच उठले आणि साहेबांच्या टेबलापुढं तशीच पाय दाखवत उभी राहिले.

फिटर राहिला. मला उद्यापासून येऊ नको म्हणाले.

नवरा रोज पहाटे पडल्या पडल्या हाक मारून मला कामाला उठवायचा. दुसऱ्या दिवशीही त्यानं हाक मारली. मी जागीच होते.