पुंजाजीचं बयताड

अकोल्यात कापसातून सरकी काढायच्या एका जिनात रुईचे गठ्ठे उचलणारा पुंजाजी दिवसभर कोणाच्या नजरेत भरत नसे. कापसाच्या तुसानं पांढरा झालेला, खोकत खोकत घरी जाणारा माणूस, त्याच्याकडे कोण बघणार? पण तोच जलशात उभा राहिला की मूर्तिजापूरपासून दर्यापूरपर्यंत लोक पोट धरून हसायचे. सन छप्पनला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीनं घरातले देव बाहेर काढले आणि शेषराव मास्तरांनी जलशाची पार्टी उभी केली. मास्तर नगरपालिकेच्या शाळेत शिकवत, गाणी रचत, पेटी वाजवत. गाण्यांवर माणसं डोलत खरी, पण खेळ सुटेस्तोवर बसून राहत ती पुंजाजीच्या फार्ससाठी.

फार्स साधाच होता. पाटील आपल्या बयताड भावाला, म्हणजे वेडसर भावाला, भगताकडे घेऊन जातो. भगत म्हणतो, याच्या अंगात देवी आहे, बकरं लागेल. बयताड काही सांगत नाही, भगत जे बोलेल तेच त्याच सुरात परत बोलतो. भगतानं "सांग, तू कोन हायस?" म्हणून दरडावलं की बयताडही दरडावतो, "सांग, तू कोन हायस?" शेवटी भगत कोण आणि वेडा कोण हेच पाटलाला उमगेनासं होतं. मग शाळा शिकलेली सून पुढं येऊन सांगते, अंगात देवी-बिवी काही नसते, आजारी माणसाला दवाखान्यात न्या. उपदेश चांगला होता. पण घरी जाताना लोक उपदेश नेत नसत, बयताड नेत. पुंजाजी डोळ्यांपुढं दोन्ही पंजे धरून ते असे भराभर हलवायचा, टाचा उचलून असा चालायचा, की गावागावातली पोरं पुढं कितीतरी दिवस तसंच करत हिंडायची.

"हे कुठून आनलं रे?" मास्तरांनी एकदा विचारलं.

"सुचलं," पुंजाजी म्हणाला.

सुचलं कसलं? घरातून उचललं होतं.

पुंजाजीला एकच लेक, विमल. दहा-अकरा वर्षांची झाली तरी तिनं कधी आईला आई म्हणून हाक मारली नव्हती. मुकी नव्हती, बहिरीही नव्हती. कानावर पडलेलं सगळं ती म्हणायची, अगदी रस्त्यावरच्या भांडेवालीची आरोळीसुद्धा, पण तिला काय हवं ते तिच्या तोंडून येत नसे. आनंद झाला की डोळ्यांपुढं पंजे हलवायची. जिनाचा भोंगा वाजला की कानांवर हात दाबून भिंतीशी बसायची. आज अशा मुलांना स्वमग्न म्हणतात. तेव्हा वऱ्हाडात त्याला नाव नव्हतं, नावं ठेवणारे मात्र भरपूर होते. पुंजाजीनं त्यांची तोंडं धरण्यापेक्षा पोरीलाच आत ठेवलं. पार्टीतलं कोणी घरी आलं की बायकोनं, चतुराबाईनं, तिला घेऊन मागच्या खोलीत जायचं आणि दार लोटून घ्यायचं, हा घरचा रिवाजच झाला होता. "तिची तब्येत नरम असते," एवढंच तो लोकांना सांगे.

सकाळी अंघोळ करताना तो फार्सची तालीम करायचा. पाटील, भगत, सून, सगळ्यांची बोलणी एकटाच म्हणायचा. हात मात्र घरी हलवत नसे. तेवढी लाज त्याला होती आणि ती कशाची होती हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चतुराबाईनं त्याचा जलसा कधी पाहिलाच नव्हता. पोरीला टाकून जाणार कशी?

एकोणसाठ साली नांदगाव खंडेश्वरकडच्या एका गावानं बुद्धजयंतीला पार्टी बोलावली आणि निरोपात घातलं, की बायापोरांसकट या, सगळ्यांचं जेवण आमच्याकडं. सगळी गल्ली निघाली. विमलला ठेवायला शेजारीपाजारी कोणी उरलं नाही.

"म्या बी येते," चतुराबाई म्हणाली. "लोकं तुमची एवढी तारीफ करतात. मले एकडाव पाहू द्या."

नाही म्हणायला पुंजाजीकडं कारण नव्हतं. जे होतं ते बोलता येण्याजोगं नव्हतं. बंडीत बसताना त्यानं हळूच सांगितलं, "मांगं बसजो. कोनी इचारलंच त सांगजो, बहिनीची पोरगी हाय म्हनून."

चतुराबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "मले बहीनच नाई," ती म्हणाली.

दिवेलागणीला गॅसबत्त्या पेटल्या. मास्तरांची गाणी झाली आणि फार्स सुरू झाला. भगत होता देवमन, जिनातलाच हमाल, आवाज नगाऱ्यासारखा. पुंजाजी टाचा उचलून आला, डोळ्यांपुढं पंजे धरले, हलवले. हशा असा उसळला की ढोलकीवालाही वाजवायचं विसरला. नेहमी या हशानं पुंजाजीला चेव यायचा. आज त्याची नजर सगळ्यांत मागं गेली. चतुराबाई हसत नव्हती. पदर तोंडाशी धरून ती त्याच्या हातांकडे बघत होती. तिनं ते हात ओळखले होते.

पुंजाजीचे पंजे हवेत तसेच राहिले. आपण बायकोसमोर नागडे उभे आहोत, असं त्याला झालं. देवमननं दरडावलं, "सांग, तू कोन हायस?" देवमननं पुन्हा दरडावलं.

"सांग, तू कोन हायस?" उत्तर मागून आलं. आवाज पोरीचा, पण ठेका हुबेहूब पुंजाजीचा.

विमल उठून माणसांमधून पुढं येत होती. ज्या पोरीचा गर्दीत श्वास कोंडायचा, ती कोणाकडेही न बघता थेट मंडपापाशी आली. तिचे पंजे डोळ्यांपुढं हलत होते. देवमन हुशार गडी, त्यानं खेळ पडू दिला नाही. "मी देवीचा भगत," तो म्हणाला. "मी देवीचा भगत," विमल म्हणाली. लोक हसून हसून लोळले.

"पुंजाजी," पुढं बसलेला एक म्हातारा डोळे पुसत ओरडला, "हे त तुही बराबर नक्कल करून रायली. कोनाची हाय हे पोरगी?"

मास्तरांनी मागं पाहिलं, तसं सगळ्यांनीच मागं पाहिलं.

"माह्या बहिनीची," चतुराबाई म्हणाली. शिकवलं तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पुंजाजीला वाटलं, हिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याची मान खाली गेली. मोठ्या कष्टानं त्यानं ती वर केली.

"खोटं बोलून रायली ते," तो म्हणाला. "मीच सांगाले लावलं. पोरगी माही हाय. अन् ते माही नक्कल नाई करत, बाबा. मी तिची करतो. तीन वर्सं झाले, तिची नक्कल करून तुमाले हसवून रायलो."

कोणाला टाळी सुचली नाही, ते बरंच झालं. विमलला यातलं काही नको होतं. पुढचं वाक्य येत नव्हतं म्हणून ती आपलं मनगट चावू लागली. चतुराबाई धावत येऊन म्हणाली, "अर्धं नाई सोडत ते. पुरं करा." तेव्हा देवमन बोलला, विमल बोलली, आणि फार्स शेवटापर्यंत गेला. पुंजाजी एका बाजूला हात खाली सोडून उभा होता. या वेळी कोणी हसलं नाही. शेवटचं वाक्य होताच विमल जिथं होती तिथं खाली बसली आणि मातीत बोटं फिरवू लागली.

पुढं पुंजाजीनं बयताड केलं नाही. पण विमलला जलशाची गोडी लागली. बंडी जुंपली की ती आपणहून चढून बसायची. चतुराबाईनं मास्तरांना बजावलं होतं, "तिनं कानावर हात ठेवले का ढोलकी बंद. अन् तिले उठाव वाटलं त उठीन, नाईतर नाई." मास्तरांनी मानलं. सुनेचं सोंग आजवर एक मिशाळ गडी करायचा, ते आता चतुराबाई करू लागली. तिनं शेवट बदलून टाकला. भगताच्या आणि पोरीच्या मध्ये उभी राहून ती म्हणे, "हिच्या अंगात कोनी नाई. हे अशीच हाय. अन् माही हाय." हशा आता भगताच्या वाट्याला येऊ लागला. आपल्या अशाच पोरांना घेऊन आयाबाया पुढं येऊन बसू लागल्या. विमल बोलली की त्यातलं एखादं पोर मागोमाग बोलायचं आणि आईच्या डोळ्यांना धार लागायची.

लोक पुंजाजीला म्हणत, फार मोठ्या मनाचा बाप. हे ऐकलं की तो पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जाई.

सन चौसष्टला दर्यापूरकडच्या एका गावात खेळ संपल्यावर गंगूबाई नावाची बाई त्याच्याकडे आली. मजुरी करणारी, वयानं त्याच्याच बरोबरीची.

"भाऊ, तुमी पयले आमच्या गावी आल्ते," ती म्हणाली. "तवा मी बी हसली. लय हसली. माहा देवीदास तुमच्या पोरीसारखाच हाय. तोवर त्याले कोनी काई म्हनत नव्हतं, गल्लीत फिरे, सारे त्याले वळखत. तुमी गेले अन् गावातले पोट्टे त्याच्या मांगं लागले. तुमी करत होते ना, तसे हात करून. गोटे मारत. तवापासून म्या त्याले घराभाईर काढलं नाई."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर पुंजाजीला उभं तरी राहता आलं असतं.

"मी येऊ त्याले भेटाले?" त्यानं विचारलं.

गंगूबाई जरा घुटमळली. "तुमी नका येऊ," ती म्हणाली. "त्यानं बी तो खेळ पायला होता. तुमाले पाहून भेईन तो. तुमची बायको अन् पोरगी येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं तिच्या घरी गेली. चतुराबाई आणि विमल आत गेल्या. पुंजाजी बाहेर ओट्यावर भिंतीला टेकून बसला. बऱ्याच वेळानं आतून विमलचा आवाज आला, "सांग, तू कोन हायस?" जरा थांबून दुसरा आवाज आला, जाडा, कधी न वापरलेला. त्यानंही तेच विचारलं.

पुंजाजीला उठून आत बघावंसं फार वाटलं. तो उठला नाही. गल्लीतून त्याचा जुना खेळ पाहिलेलं कोणी येताना दिसलं, तसं त्यानं नक्कल करणारे ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले.