कुणी बोललं नाही, म्हणून गाव राजी

संघटनेची पत्रकं लिहून लिहून मला एक खोड लागली आहे. समोरच्याने ‘म्हणून’ म्हटलं, की त्याच्या अलीकडे त्याने काय गिळलं ते शोधायचं. ‘कुणी विरोध केला नाही, म्हणून गाव राजी आहे.’ मधलं वाक्य कुठे गेलं? ‘ज्याला विरोध करायचा होता, त्याला बोलायला मिळालं.’ हे मोठ्याने म्हणायची कुणाची हिंमत नसते.

तोरणमाळच्या पायथ्याला एका पाड्यावर ग्रामसभा होती. चराईची टेकडी दगडखाणीला द्यायची का, एवढाच विषय. सरपंच बाई, पण खुर्चीत त्यांचा नवरा. समोर घरी पावरी बोलणारी माणसं, आणि ग्रामसेवकाने ठराव घडाघडा वाचला तो कचेरीच्या मराठीत.

“कुणाचा विरोध?” त्याने विचारलं, श्वाससुद्धा घेतला नाही, “सर्वानुमते मंजूर!”

मी उठले. “भाऊसाहेब, लोक गप्प बसले. हो कुठे म्हणाले?”

“ताई, तुन्हं नाव शे का या गावनी यादीमा?” ग्रामसेवक खालच्या सपाटीवरचा, चिडला की अहिराणीवर यायचा. गावच्या मतदारयादीत माझं नाव नव्हतंच.

खुर्चीतला हसला. “गावाने बाईला निवडलं, बाईने मला बसवलं. म्हणून मी बोलतो ते गावच बोलतं.”

एका दमात किती गिळलं याने! मत बाईला दिलं की नवऱ्यालाही दिलं. निवडून दिलं की पुढे विचारायचं काम संपलं. मागची दोन-चार पोरं हसलीसुद्धा.

सभा उठली तरी एक म्हातारी जागची हलेना. तिच्या शेळ्या त्याच टेकडीवर चरतात, दुसरं कुरण नाही.

“आजी, बोलला का नाहीत?”

“माझी पाळी कुठे आली, पोरी? आमच्यात वयाने मोठं माणूस शेवटी बोलतं. संपलं नाही तर उद्या पुन्हा बसायचं.”

ग्रामसेवक बाहेरचा, त्याला ही रीत ठाऊक नसेल. खुर्चीतला मात्र याच पाड्यातला, हिच्याच शेळ्यांचं दूध पिऊन वाढलेला. त्याला पक्कं ठाऊक होतं की ही शेवटी बोलणार. म्हणूनच शेवट लवकर उरकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी खरंच आली. कुलूप लावलेल्या ग्रामपंचायतीसमोर बसली. सरपंचबाईंचा नवरा मोटारसायकलवरून निघाला होता, तिने हाक मारून थांबवलं.

“ये, बस. काल माझं राहिलं.”

“काकी, झालं ना ते!”

“मी बोलले नाही, तर झालं कसं?”

त्याने मान वळवली आणि गाडीला किक मारली. धुरळ्यात ती स्पष्ट म्हणाली, “टेकडी द्यायची नाही.” मग पदर खोचून शेळ्या हाकत टेकडीकडे निघाली. वर खाणीच्या हद्दीची चुन्याची रेघ आधीच पडली होती.

ठरावात ‘सर्वानुमते’ आहे. त्या सर्वांत तीही धरली आहे.