शून्य पॉइंट चौऱ्याण्णवचा ठराव

भाचीचा फोन आला तेव्हा मी बारामतीत, आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये भजी खात होतो.

"मामा, गुणांक आला! पॉइंट चौऱ्याण्णव!"

मी हातातलं भजं खाली ठेवलं. आयुष्यात फार थोड्या गोष्टींसाठी मी भजं खाली ठेवलेलं आहे.

भाची इंदापूर तालुक्यात, सणसरच्या अलीकडच्या एका वस्तीवर दिलेली. लग्नानंतर कृषी शाखेत पुढचं शिक्षण घेत होती. प्रबंधाचा विषय असा, की गोठ्यात गाणी लावली तर गाई दूध जास्त देतात का? तीस गोठ्यांना तिने रेडिओचे तास वाटून दिले. कुणाकडे अर्धा तास, कुणाकडे पाच. मग तास आणि वाढलेलं दूध यांचा सहसंबंध काढायचा. हा गुणांक उणे एक ते अधिक एक यांच्या मध्ये हिंडतो. शून्यापाशी रेंगाळला तर दोघांची ओळखदेखसुद्धा नाही. एकापाशी पोचला तर दोघं एका ताटात जेवतात.

मी संख्याशास्त्र शिकवतो. सख्ख्या भावांच्या उंचीतही एवढं जुळत नाही, हे मला ठाऊक. मग गाणं आणि गाय यांच्यात कुठून आलं? पण प्रबंध दिवाळीआधी द्यायचा होता आणि आकडा खोटा निघाला तर सगळं पुन्हा मोजावं लागणार होतं. पोरीचा आनंद फोनवर मोडवेना. गाडीला किक मारली आणि भवानीनगरमार्गे वस्तीवर हजर झालो.

तिचे सासरे, म्हणजे आबा, गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. चहा त्यांच्या धाकट्याने आणला; त्याची बारावीची गुणपत्रिका घरात अजून कुणी पाहिलेली नव्हती.

"आबा, गाणी भलतीच मानवली म्हणायची गाईंना."

"मानवत्याल न्हाय तर! सूनबाईचा अभ्यास हाय."

"आणि खुराक?"

आबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "त्यो वाढवलाय की, पाव्हणं. ज्येचा रेडिओ जास्त, त्येनं पेंड जास्त घालायची. डेअरीवर ठराव केलाय. एकमतानं."

भाची आकड्यांची वही घेऊन धावत आली. "आबा! अहो, असं कसं केलंत?"

"तूच म्हनलीस, तास वाढलं की दूध वाढतंय का बघायचंय. मग वाढाय नको व्हय? सून परीक्षेला बसली अन् गाव हातावर हात ठेवून बसलं, असं कुठं आसतं का?"

मला हसू आवरेना. पी नावाचा एक आकडा असतो. मुळात संबंध नसताना निव्वळ योगायोगाने एवढा मोठा गुणांक पडण्याची शक्यता किती, ते तो सांगतो. तो पुरेसा लहान असला की निष्कर्षाला सार्थ म्हणतात. जगभर ही सार्थकता गणिताने ठरते. इथे ती हात वर करून मंजूर झाली होती!

पेंड आणि गाणी एकाच मापाने वाढलेली. कुठलं दूध कशाचं, हे आता ब्रह्मदेवालाही निवडता आलं नसतं.

"मामा," भाची हळूच म्हणाली, "हे असंच दिलं तर?"

"पास होशील. आणि तुझ्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणी पेंड कमी करील, रेडिओ वाढवील."

तिने आकड्यांची वही मिटली. मग म्हणाली, "आबा, दुसरा ठराव करा. खुराक सगळ्यांचा सारखा."

"मग आकडा पडंल की गं!"

"पडू दे."

पुन्हा मोजलं आणि आकडा पडला. शून्य पॉइंट शून्य नऊ. पी शून्य पॉइंट चौसष्ट. भाचीचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, "आहे तसं लिही. तीस गोठे, गुणांक हा, पी हा. 'संबंध नाहीच' असं म्हणू नकोस. एवढंच म्हण, की आढळला नाही."

दिवाळीच्या तोंडावर प्रबंध गेला. तोंडी परीक्षेला आबा कडक इस्त्रीची टोपी घालून माझ्या शेजारी, मागच्या बाकावर.

"पहिल्या फेरीचे आकडे वगळले, एवढंच लिहिलंय. का वगळले?" परीक्षकांनी विचारलं.

"शेतकऱ्यांनी खुराक बदलला होता, सर."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

भाची प्रबंधाची पानं उलटू लागली. भर सभेत सासऱ्याकडे बोट कसं दाखवायचं? तेवढ्यात आमचा बाक करकरला.

"माज्या," आबा उभे राहून म्हणाले. "ठराव माजाच हुता, सायेब. पोरीला ठावं न्हवतं."

परीक्षकांनी चष्मा काढला. "आणि विरोधात किती होते?"

"एक बी न्हाय."

परीक्षक इतके हसले, की पाणी मागवावं लागलं. घोट घेऊन म्हणाले, "बाई, ही पहिली फेरीसुद्धा प्रबंधात सविस्तर लिहा. पुढच्यांना उपयोगी पडेल. पास."

परतताना आबा माझ्यामागे गाडीवर. भवानीनगर मागे पडल्यावर कानाशी आले.

"पाव्हणं, म्हंजी गाणी नापासच की?"

"नापास म्हणता येत नाही, आबा. पास झाल्याचा पुरावा मिळाला नाही, एवढंच."

आबांनी वाऱ्यावरची टोपी सावरली.

"म्हंजी आमच्या धाकट्यावानी!"